खोली देणे आहे

ओट्याच्या पांढऱ्या फरशीवर हळदीचा एक डाग होता, अंगठ्याच्या नखाएवढा. कमलने त्यावर साबणाचं पाणी टाकलं तसा तो बघता बघता लाल झाला. तिने लगेच पुसला नाही. फडकं हातात धरून रंग बदलायचा थांबेपर्यंत बघत राहिली. मग साध्या पाण्याचा हात फिरवला. लाल उतरला आणि पिवळा पुन्हा वर आला, आधीपेक्षा थोडा फिकट. हळद साबणाने जात नाही, उन्हाने जाते. ओट्यावर ऊन यायचं ते दुपार कलल्यावर, आणि जागा बघायला पार्टी संध्याकाळी येणार होती. तेवढ्या उन्हात जाईल तेवढा जाईल, म्हणून तिने खिडकीचा पडदा बाजूला सारला.

"आई, लिंबू लाव," हॉलमधून मेघना म्हणाली.

मेघना, तिची मुलगी, बंगळुरात होती. टीव्हीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये तिचा चेहरा होता आणि सकाळपासून तिथूनच ती सगळं हलवत होती. तिने नुकताच स्वतःचा फ्लॅट घेतला होता. त्यासाठी बरेच फ्लॅट पाहिल्यामुळे बघायला येणाऱ्याचा डोळा कुठे अडतो हे तिला ठाऊक होतं. फ्रिजवरची बिलं काढा. दारामागचे कपडे काढा. देव राहू देत, पण देवांच्या शेजारची औषधं नकोत. येणाऱ्याला वाटलं पाहिजे की इथे आपण राहू शकतो, आणि तुमच्या वस्तू जितक्या जास्त तितकं त्याला ते जड जाणार.

दत्ताराम तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत वस्तू माळ्यावर चढवत होता. पासष्टी उलटली तरी आज तो शिडीवरून पोरासारखा वरखाली करत होता. लोणच्याच्या बरण्या गेल्या, शिलाई मशीन गेलं, मंडळाने दिलेली ढाल गेली. प्रत्येक वस्तूगणिक हॉल मोठा होत होता आणि त्याचा आवाजही. रविवार असून मासे आणले नव्हते. घेणारे बहुतेक शाकाहारी असतात आणि वास पडद्यांत बसतो, असं मेघनाने बजावलं होतं.

"बोंबील खाऊन घेतलेली खोली वरणभात खाऊन विकायची," दत्ताराम शिडीवरून म्हणाला आणि स्वतःच हसला.

"बाबा, पार्टी यायच्या आधी तो बनियन तेवढा बदला," मेघना म्हणाली, आणि रविवारीही तिला मीटिंग होती म्हणून फोन बंद झाला.

काळाचौकीची त्यांची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. चौदाव्या मजल्यावर हॉल, ओटा आणि आत एक लहान खोली, एवढं त्यांच्या वाट्याला आलं होतं. ते विकून देवगडजवळच्या गावी कायमचं जायचं, हे ठरलेलं होतं. कधी ठरलं ते कमलला सांगता आलं नसतं. दत्तारामने आयुष्यभर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत ओंडके मोजले होते आणि गावच्या घराचा प्रत्येक दरवाजा त्याने तिथून निवडून नेलेल्या सागवानाचा होता. मे महिन्यात त्याने कौलं बदलून घेतली होती. गावी पोचला की सामान पडवीत टाकून तो आधी चपला काढायचा आणि अनवाणी अंगणात उभा राहायचा, बराच वेळ, काही न बोलता. कमलने हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्या वेळचे त्याचे खांदे तिला डोळे मिटूनही दिसत. इथे मुंबईत ते खांदे तसे कधी सैल पडले नव्हते.

म्हणून तर तिला बोलता येत नव्हतं. वाक्य लहान होतं आणि तयार होतं. तो कौलांचे फोटो दाखवत होता तेव्हा ते ओठांपर्यंत आलं होतं. त्याने ब्रोकरला फोन लावला त्या सकाळी ती मुद्दाम चहा घेऊन शेजारी जाऊन बसली होती, आणि साखर कमी पडली का एवढंच विचारून उठली होती. आता पार्टी येणार होती. पार्टीला जागा पसंत पडली की त्या वाक्याचा काही उपयोग उरणार नव्हता.

तिने फडकं पिळून वाळत टाकलं आणि आतल्या खोलीत गेली.

खिडकीजवळ टेबल होतं आणि टेबलावर तिचा सूक्ष्मदर्शक. परळच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये ती काचपट्ट्या धुवायला म्हणून लागली होती. बारावी सायन्स झालेली होती. संध्याकाळचा अभ्यास करून डिप्लोमा घेतला आणि टेक्निशियन झाली. तिथून निवृत्त होईपर्यंत तिने लोकांच्या रक्तातल्या पेशी मोजल्या. निवृत्तीनंतर चोरबाजारातून हा जुना, एका डोळ्याचा सूक्ष्मदर्शक आणला तेव्हा दत्तारामने हात जोडले होते. दुपारची कामं उरकली की ती आतलं दार लावून घ्यायची आणि जे हाताला लागेल ते बघायची. सुरमईला खवले नाहीत म्हणतात, तर तिच्या कातडीत काय सापडतं. गच्चीवरच्या टाकीखालचं शेवाळ. कांद्याचा पापुद्रा. त्यातल्या कशाचाही रिपोर्ट कुणाला द्यायचा नसायचा. साठी येईपर्यंत तिच्या आयुष्यात आतून लावून घेता येईल असं दार नव्हतं. चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत ती दोघं, मेघना आणि नोकरी शोधायला आलेले दत्तारामच्या गावचे कोणी ना कोणी असायचेच.

आणि गावी राधावहिनी होत्या, थोरल्या जाऊबाई. बाई मनाने फार चांगली. कमल चुलीपाशी गेली की त्या पाट सरकवायच्या आणि म्हणायच्या, बस गो, चार दिवसांची पाहुणी तू. गेली कित्येक वर्षं त्या हेच वाक्य मायेने म्हणत होत्या, आणि कमल पाटावर बसत होती.

"ह्याचं काय करू?" दत्ताराम दारात उभा होता. त्याची नजर सूक्ष्मदर्शकावर होती.

ती म्हणाली, थांबा, मी देते. जुन्या सुती साडीचा तुकडा आणून तिने भिंगं आधी गुंडाळली, मग नळी, मग बूड. पाळण्यातून मूल उचलून द्यावं तसं ते गाठोडं शिडीवर उभ्या असलेल्या त्याच्या हातात दिलं.

"गावाला नेऊ की," तो समजुतीने म्हणाला. "पडवीत ठेव. वाडीतली पोरं येऊन बघतील."

तिने तोंड उघडलं. तो वरून बघत होता.

"काय गो?"

"काही नाही. नीट धरा, जड आहे."

पार्टी वेळेवर आली. दारात एक तरुण मुलगी होती. केस पिनांनी घट्ट बांधलेले, खांद्याला कापडी पिशवी. कमलचं लक्ष आधी तिच्या हातांकडे गेलं. बोटांची पेरं कोरडी, पांढरट पडली होती. दिवसातून अनेकदा स्पिरिट लागणारे हात तिला लांबून ओळखू यायचे.

"ब्रोकरच्या ऑफिसमधून पाठवलंय," मुलगी म्हणाली. "खोली बघायला आले."

तिने खोली म्हटलं याचंच दत्तारामला बरं वाटलं. आपल्यातली दिसते, असं तो कमलच्या कानाशी पुटपुटला आणि मुलीला आत घेतलं. तिचं नाव प्रिती. परळलाच इस्पितळात नर्स होती, मूळची अमरावतीची. किती माणसं राहणार, असं दत्तारामने विचारलं तर ती म्हणाली, एकटीच. त्याने कमलकडे बघून भुवई उंचावली. आजकालच्या पोरी, एकट्याने जागा घेतात.

मग तो दाखवायला लागला. चौकटीला हात लावून त्याने लाकूड कसं ओळखायचं ते सांगितलं. लिफ्ट दोन आहेत आणि दोन्ही चालतात. गणपतीच्या दिवसांत आवाज होतो, पण चौदाव्या मजल्यावर तो गाळून येतो. खिडकीपाशी नेऊन त्याने रे रोडची बाजू दाखवली, ती लांब पत्र्याची छपरं म्हणजे वखारी, त्यातली डावीकडची आपली, आणि तिच्यामागे चकाकतंय ते बंदर. आपली असं म्हणताना तो क्षणभर थांबला, मग पुढे गेला. प्रिती हो हो म्हणत होती, पण तिची मान सारखी आतल्या खोलीकडे वळत होती.

शेवटी ती स्वतःच आत गेली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये उभी राहून तिने दोन्ही हात पसरले आणि अंतर मापलं. खुर्ची ओढून टेबलाशी बसली. खिडकीतून आलेला उजेड टेबलाच्या कोणत्या कडेपर्यंत पोचतो ते बघितलं.

"हे टेबल इथेच राहील का?"

"राहू दे की," दत्ताराम म्हणाला. "आम्हाला काय ते न्यायचं नाय."

"मला कधी कधी रात्रपाळी असते. सकाळी येऊन झोपते. चालेल ना तुम्हाला?"

दत्तारामला हसू आलं. "तुमची खोली. दिवसा झोपा नायतर रात्री."

"आणि अंडं उकडलं तर? आधीच्या ठिकाणी चालत नव्हतं."

"स्वतःच्या खोलीत अंडं उकडायला कोणाला विचारायचं? कोंबडी पाळा."

प्रिती मोकळेपणाने हसली. दत्ताराम खूश झाला. आपण दिवसभर मासे टाळले आणि पार्टी अंडी खाणारी निघाली, हे त्याने कमलला डोळ्यांनीच सांगितलं.

कमल पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी होती. मुलीने हॉलच्या छताकडे पाहिलं नव्हतं. गळतीचं विचारलं नव्हतं, एरिया किती ते विचारलं नव्हतं, सोसायटीचं नाही, पार्किंगचं नाही. घेणारे काय काय विचारतील ते मेघनाने पढवून ठेवलं होतं, त्यातला एकही प्रश्न आला नव्हता. मुलगी एकच खोली बघत होती. काय झालं असावं ते कमलच्या लक्षात आलं. तिला तिथेच बोलून गैरसमज मोडता आला असता. ती बोलली नाही. तिने ग्लास पुढे केला आणि मुलगी पाणी पीत असताना तिच्याकडे बघत राहिली.

"मग काका, तुम्ही दोघं हॉलमध्ये झोपता का?" प्रितीने विचारलं. "म्हणजे रात्री मला पाणी घ्यायला यायचं झालं, तर तुमची झोपमोड नको."

दत्तारामला प्रश्न कळायला वेळ लागला. "आम्ही इथे कशाला झोपू? आम्ही गावाला जातोय."

"दोघंही?"

"दोघं म्हणजे, दोघंच तर आहोत."

मुलीचा चेहरा उतरला. तिने ग्लास ट्रेमध्ये ठेवला, पिशवीतून फोन काढला आणि जाहिरात उघडून त्याच्यासमोर धरली. दत्तारामला चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून तिनेच वाचून दाखवली. काळाचौकी, खोली देणे आहे, कुटुंबासोबत राहण्यास, नोकरी करणाऱ्या मुलीस प्राधान्य.

"एकटीने राहायला जागा मिळत होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "वॉर्डातून आल्यावर कोणीतरी घरात असावं, असं वाटत होतं."

दत्तारामने ब्रोकरच्या ऑफिसला फोन लावला. त्याला कमी ऐकू यायचं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असायचा. तिकडे पूर्वी नावाची मुलगी होती. तिच्याशीच त्याचं पहिलं बोलणं झालं होतं. ही कसली पार्टी पाठवलीस, आपल्याला विकायचंय ना, असं त्याने विचारलं.

"काका, तुम्हीच बोललात ना," पूर्वी म्हणाली. "मी विचारलं, घर विकायचंय का. तुम्ही बोललात, छे, घर कशाला विकू, घर गावाला आहे. खोली द्यायचीय. मी परत विचारलं, घर नाही ना, फक्त खोली? तुम्ही बोललात, फक्त खोली. मग मी रेंटमध्ये टाकलं, विथ फॅमिली. त्यात माझं काय चुकलं, सांगा."

दत्तारामच्या बोलण्यात घर एकच होतं, आणि ते देवगडला होतं. मुंबईत असते ती खोली. चाळीतली एक असो की टॉवरमधला फ्लॅट असो. कमलही तसंच बोलायची. चाळीत सगळेच तसं बोलायचे, आणि घरी जाऊन आलो म्हटलं की तो माणूस कोकणात जाऊन आला हे ऐकणाऱ्याला कळायचं. फोनवरची पूर्वी चाळीत वाढलेली नव्हती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

दत्तारामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने प्रितीकडे बघून हात जोडले. फुकट हेलपाटा पडला तुला पोरी, असं म्हणून कमलला चहा टाकायला सांगितलं. प्रिती म्हणाली, नको, मी निघते. तिने खुर्ची होती तशी टेबलाखाली सरकवली आणि टेबलावर हात टेकून खिडकीबाहेर एकदा पाहिलं. खाली वखारींवरचं ऊन उतरत आलं होतं.

"सॉरी काका, चला, माझी पण चूक," फोनमधून पूर्वी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता सेलमध्ये टाकते. आणि ऐका ना, लालबागची एक फॅमिली आहे, वरच्या मजल्यावरचं काहीतरी बघा म्हणून मागेच लागलीय. त्यांना उद्या सकाळी घेऊन येते. ते बघायला आले की घेतात, टाइमपास करणारे नाहीत. डन ना?"

दत्तारामने सुटकेचा निःश्वास टाकला. "हा, आण त्यांना," तो म्हणणार होता. फोन त्याने तोंडाजवळ नेलाही होता.

कमलने ट्रे टेबलावर ठेवला. "द्या जरा," असं म्हणून तिने त्याच्या हातातून फोन घेतला. इतक्या वर्षांत त्याच्या हातातून तिने काही असं मध्येच घेतलं नव्हतं, त्यामुळे तो रिकामा हात तसाच धरून उभा राहिला.

"पूर्वी, मी कमल बोलतेय. ते काढू नका."

"काय काकू?"

"जाहिरात. लिहिलंय ते बरोबर आहे. आतली खोली द्यायची आहे, आणि ती या मुलीला दिली. उद्या कुणाला आणू नका."

पूर्वी काहीतरी विचारत होती. कमलने फोन बंद करून टेबलावर पालथा ठेवला. प्रिती दाराच्या चौकटीशी थांबली होती; जावं की थांबावं हे तिला ठरवता येत नव्हतं. कमलने तिला हातानेच बस म्हटलं.

"अगो," दत्ताराम म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. वखारीत ओंडक्यावर बोटांनी टकटक करून तो आतून पोकळ आहे का ते बघायचा, तसा तो तिच्याकडे बघत होता. "आणि आपण?"

कमलने पदर खांद्यावर नीट घेतला. वाक्य आता तिला वाटलं होतं तितकं लहान राहिलं नव्हतं.

"लग्न झाल्यावर तुम्ही इथे होता आणि मी तिकडे, तुमच्या आईपाशी. सगळ्यांच्यात तसंच होतं. कोणी काही म्हटलं नाही. मीही नाही." ती थांबली. त्याच्या खांद्यांकडे तिने बघितलं आणि मग परत त्याच्या डोळ्यांत. "तुम्ही जा. कौलं नवी आहेत, तुम्ही तिथेच असायला हवं. मी गणपतीला येईन, मे महिन्यात येईन, आंबे उतरेपर्यंत राहीन."

"आणि बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष मी घरी राहणार आहे," कमल म्हणाली.